पस कल्चरला पाठवला होता का?

इंदूरच्या टिळकनगरमधल्या एका मुलीनं वडिलांबद्दल विचारलंय. नाना ६१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले, बारा वर्षांपासून शुगर. सांवेरकडे वडिलोपार्जित साडेतीन एकर आहे, तिथे ते दर दोन-तीन दिवसांनी जातात. सप्टेंबरात ताप सुरू झाला आणि वजन नऊ किलो उतरलं. सोनोग्राफीत पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, बारीक बारीक गळवं दिसली. टीबी असणार म्हणून एकेटी, म्हणजे टीबीवरची औषधं, सुरू झाली आणि सात आठवडे घेऊनही ताप हटला नाही. मग दुसऱ्या ठिकाणी सुई घालून पस काढला आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, ‘बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅली’ असं जंतूचं नाव आलं. आता सेफ्टाझिडिमचं इंजेक्शन चालू आहे, आज सहावा दिवस, आणि ताप अजून येतोय. मुलीचे प्रश्न असे: हा कसला आजार? घरातल्या नातवंडांना लागेल का? इंजेक्शन लागू पडत नाहीये का? एवढ्या भारी इंजेक्शनानंतर तीन महिने सेप्ट्रानसारखी साधी गोळी कशाला? आणि एकेटी चालू ठेवायची का?

मी इंदूरमध्येच सत्तावीस वर्षं मायक्रोबायोलॉजीत काढली. म्हणजे रुग्णांपेक्षा त्यांचा पसच जास्त पाहिला असं म्हणा. औषधाचा शेवटचा निर्णय नानांना समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचा. मी फक्त, त्यांच्याशी बोलताना तुमच्या हाती काय असावं, ते सांगते.

आधी चांगली बातमी. निदान झालंय. या आजारात अर्धी लढाई तिथेच असते, आणि बहुतेक जण तिथेच हरतात.

आजाराचं नाव मेलिऑयडोसिस. नाव नवं वाटलं तरी आजार जुना आहे, आणि तो सापडला तेही तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात. १९११ साली रंगूनच्या रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी शवविच्छेदन करत होते. मॉर्फिनच्या सुया टोचून घेणाऱ्या, उपाशी, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत, यकृतात, पाणथरीत त्यांना गळवंच गळवं दिसली. आधी वाटलं घोड्यांचा ग्लँडर्स नावाचा आजार, कारण जंतू दिसायला तसाच. पण ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही आणि हा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली चांगला पोहत होता. पुढच्या वर्षी त्यांनी ते छापलं. नंतर मलायात काम करणाऱ्या स्टँटन आणि फ्लेचर यांनी १९२१ साली आजाराला हे नाव दिलं. कृष्णस्वामींचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही; आजाराला ‘व्हिटमोरचा आजार’ म्हणतात. असो.

हा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. माणूस त्याचं घर नव्हे. उन्हाळ्यात तो जमिनीत खाली, ओलावा असेल तिथे जाऊन बसतो आणि पाऊस झाला की वर येतो. म्हणून जगभर बहुतेक रुग्ण पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ सापडतात. शरीरात शिरायला त्याला तीन वाटा आहेत: कातडीवरची जखम किंवा भेग, वादळी पावसात हवेत उडालेले तुषार श्वासातून, आणि क्लोरीन न टाकलेलं पाणी पोटातून. नानांच्या बाबतीत मी पहिल्या वाटेवर बोट ठेवीन. तुम्ही लिहिलंय की ऑगस्टात शेतात पाणी तुंबलं, विहिरीवरचा पंप काढायला ते गुडघाभर चिखलात उतरले, आणि त्यांच्या टाचांना कायम भेगा. बारा वर्षांची शुगर असलेल्या माणसाला टाचेची भेग दुखतसुद्धा नाही. काळी माती तिथे भरते, घरी येऊन पाय धुतले जातात, विषय संपतो.

इंदूरच्या मराठी घरांत हे चित्र मी खूप पाहिलंय. शेती कसायला दिलेली, पण निवृत्तीनंतर माणूस सोयाबीन बघायला, बांध बघायला जातोच. डॉक्टरांनी ‘व्यवसाय?’ विचारलं की उत्तर येतं ‘बँकेत होतो’. मातीचा उल्लेखच होत नाही. म्हणून सांगते, व्यवसाय काहीही असो, ‘पावसाळ्यात शेतात जात होतो’ हे आपणहून सांगावं.

शुगरबद्दल थोडं स्पष्ट बोलते. मेलिऑयडोसिसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना मधुमेह असतो. साखर चढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, आणि हा जंतू पेशींच्या आत शिरून तिथेच वाढण्यात पटाईत. जास्त दारू, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, थॅलेसेमिया, बरेच दिवसांचे स्टेरॉइड हेही धोके आहेत. गंमत म्हणजे एचआयव्ही नाही. तेव्हा नानांच्या साखरेकडे या तीन महिन्यांत अँटिबायोटिकइतकंच लक्ष हवं. डॉक्टर इन्सुलिन म्हणाले तर ‘एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही’ वगैरे घरातली चर्चा बाजूला ठेवा.

आता मुद्दा टीबीचा. पहिल्या डॉक्टरांवर तुम्ही रागावलेल्या आहात, ते पत्रात दिसतंय. राग समजू शकते, पण थोडं त्यांच्या जागी उभं राहून बघा. महिनाभराचा ताप, वजन उतरलेलं, भूक गेलेली, पाणथरीत गळवं, आणि देश भारत. दहापैकी नऊ डॉक्टर टीबीच म्हणतील. त्यात हा आजार सोंग काढण्यात इतका तयार की फुप्फुसाच्या वरच्या भागात टीबीसारखी पोकळी करतो. गाठीचा तुकडा काढून तपासला तरी टीबीत दिसतात तशाच पेशींच्या गाठी यात दिसू शकतात, आणि रिपोर्टवर ‘टीबीशी सुसंगत’ असं लिहून येतं. दोघांना वेगळं करणारी गोष्ट एकच: पस किंवा रक्त साध्या जंतूंच्या कल्चरला पाठवणं. आपल्याकडे होतं काय, पस निघाला की तो सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीला जातो, टीबीच्या कल्चरला जातो, आणि साधं कल्चर राहून जातं. सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी एकेटी सुरू होते, ‘देऊन बघू’ म्हणून. रागच काढायचा असेल तर या ‘देऊन बघू’वर काढा. एकेटीला दोन-तीन आठवड्यांत काहीच प्रतिसाद नसेल तर थांबून पहिला प्रश्न हाच विचारायचा: पस कल्चरला पाठवला होता का?

आणि पाठवला तरी प्रयोगशाळा काय करते, तेही सांगते, कारण त्यात मीही गुन्हेगार आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका रुग्णालयात, एका शेतकऱ्याच्या गुडघ्यातला पस माझ्याकडे आला होता. चोवीस तासांनी प्लेटवर बारीक, फिकट ठिपके. ‘स्यूडोमोनासची जात, बहुधा बाहेरून आलेली’ असं लिहून मी रिपोर्ट दिला आणि प्लेट निर्जंतुक करायला टाकली. अजून दोन दिवस ठेवली असती तर ते ठिपके कोरडे, सुरकुतलेले झाले असते, वाळलेल्या फुलाच्या पाकळ्यांसारखे. हा जंतू असाच सावकाश ओळख देतो. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. ती प्लेट मात्र आठवते.

नंतर शिकलेल्या खुणा सोप्या आहेत, महागडं मशीन लागत नाही. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून पाहिला की, त्याची दोन टोकं गडद आणि मध्य फिका, अगदी सेफ्टी पिनसारखा. ऑक्सिडेझ ही साधी रासायनिक चाचणी पॉझिटिव्ह. आणि सगळ्यांत बोलकी खूण प्लेटवर ठेवतात त्या औषधांच्या चकत्यांची: जेंटामायसिनला आणि कोलिस्टिनला दाद देत नाही, पण अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हनं मरतो. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं शेवटचं अस्त्र. ते ज्याला चालत नाही त्याला साधं अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह चालतं, असा उलटा नमुना दिसला की मायक्रोबायोलॉजिस्टच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. उलट जंतूचं नाव आपोआप सांगणारी काही मशीनं याला त्याच कुळातला सेपेशिया म्हणून मोकळी होतात. या जंतूच्या प्लेटला मातीसारखा वास येतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण प्लेट हुंगायची नाही, कारण श्वासातूनच तो प्रयोगशाळेतल्या माणसाला लागू शकतो. म्हणून नानांचा नमुना पुन्हा कुठे पाठवाल तेव्हा बरोबरच्या कागदावर आधीचं निदान ठळक लिहा. आमच्यावर उपकार होतील.

दुर्मीळ म्हणाल तर मला हा शब्द फारसा पटत नाही. २०१६ साली जगभराचा अंदाज मांडला गेला: वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यू, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा. भारतातल्या रुग्णाची नोंद १९९१ साली मुंबईतून झाली, तो एक लहान मुलगा होता. त्यानंतर वेल्लोर, मणिपाल, उडुपीकडून ढिगानं रुग्ण आले. तिथली माती वेगळी आहे म्हणून असेल, पण तिथल्या प्रयोगशाळा शोधतात म्हणूनही. भोपाळच्या एम्सनं शोधायला सुरुवात केली तर मध्य प्रदेशातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतले रुग्ण निघाले. जंतू आपल्याकडे नव्हता असं नाही, आपण प्लेट लवकर फेकत होतो.

उपचाराचे दोन टप्पे आहेत आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पहिल्यात शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, कमीत कमी दहा ते चौदा दिवस. रुग्ण आयसीयूत असेल किंवा मेंदूत गळू असेल तर मेरोपेनेमकडे कल असतो. खोल गळवं असली तर हा टप्पा चार आठवड्यांपर्यंत जातो, हाडात असेल तर सहा, मेंदूत आठ. म्हणून ‘आधी दोन आठवडे म्हणाले, आता चार म्हणतात’ यात फसवणूक नाही. सेफ्टाझिडिमची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९८९ साली थायलंडच्या उबोन रत्चथनी इथे जुन्या औषधांशी त्याची तुलना झाली, आणि गंभीर रुग्णांतले मृत्यू ७४ टक्क्यांवरून ३७ वर आले. एका औषधानं निम्मे! आपल्याकडे तापाला सर्रास टोचलं जाणारं सेफ्ट्रियाक्सोन याच घराण्यातलं, पण या आजारात त्याचे निकाल वाईट आहेत. ते ‘तसंच इंजेक्शन, स्वस्त’ म्हणून बदलू देऊ नका.

ताप सहाव्या दिवशीही आहे, याचं उत्तर: असतो. योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला सरासरी नऊ-दहा दिवस लागतात, मोठी गळवं असली तर महिनासुद्धा. याच सहाव्या-सातव्या दिवशी घरचे धीर सोडतात, कुणी ओळखीचे डॉक्टर फोनवरून दुसरं अँटिबायोटिक सुचवतात आणि घडी विस्कटते. ताप किती आहे यापेक्षा नाना कसे आहेत ते बघा. जेवतात का? रक्तदाब स्थिर आहे का? रक्ताचं कल्चर दर आठवड्याला करून निगेटिव्ह होतंय का? ते पॉझिटिव्ह येत राहिलं किंवा नवीन दुखणं निघालं तर मात्र कुठेतरी न काढलेला पस आहे असं समजायचं.

त्यावरून एक प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा: सीटी स्कॅनमध्ये ओटीपोट घेतलं होतं का? पुरुषांमध्ये हा जंतू प्रोस्टेटमध्ये गळू करून बसतो, लघवीची तक्रार कधी असते, कधी नसते. ते मोठं असेल तर काढावं लागतं, नुसत्या औषधानं जात नाही. पाणथरीतली बारीक अनेक गळवं मात्र बहुधा औषधानंच विरतात. पाणथरी काढून टाकायची घाई नको.

आता सेप्ट्रान. ‘जुलाबाची गोळी’ म्हणून तुम्ही तिला हसलात, पण नानांचं पुढचं आयुष्य हीच गोळी राखणार आहे. इंजेक्शनं उघड्यावरचे जंतू मारतात. पेशींत दडलेले, गळवाच्या भिंतीत झोपलेले मागे राहतात. त्यांना संपवायला किमान तीन महिने लागतात, हाड किंवा मेंदू असेल तर सहा. पूर्वी सेप्ट्रानबरोबर डॉक्सीसायक्लिनही द्यायचे. २०१४ साली थायलंडमधल्या मोठ्या चाचणीत एकटं सेप्ट्रान तितकंच उपयोगी ठरलं, आणि त्रास कमी.

गोळ्यांची संख्या बघून घाबरू नका. वजन ६० किलोच्या वर असेल तर डबल स्ट्रेंथच्या दोन सकाळी, दोन रात्री, असा मोठा डोस लागतो. ४० ते ६० किलोला थोडा कमी. मूत्रपिंड अधू असेल तर आणखी कमी. औषधाच्या दुकानात हमखास कुणीतरी म्हणेल, ‘इतनी कौन लेता है, एक-एक लो’. ऐकायचं नाही. आजार उलटण्याचं सगळ्यांत मोठं कारण काय, तर हा दुसरा टप्पा अर्धवट सोडणं. दीड महिन्यात वजन परत येतं, माणूस पोळी-भाजी नीट जेवतो, परत शेतावर जातो, आणि गोळ्या कपाटात राहतात.

पण ही गोळी डोळे मिटून घ्यायचीही नाही. अंगावर पुरळ, तोंड किंवा डोळे सोलवटणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडे. सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला रक्त तपासा: पेशी, क्रिएटिनिन, पोटॅशियम. नाना ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल घेत असतील तर सेप्ट्रानबरोबर पोटॅशियम धोकादायक चढू शकतं. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर असतात आणि एकत्र कुणी वाचत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्या. सोबत फोलिक अ‍ॅसिड बहुधा देतात. सेप्ट्रान सोसलंच नाही तर डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हचा पर्याय आहे, पण तो आपला आपण निवडायचा नाही.

नातवंडांचं सांगते: लागणार नाही. माणसाकडून माणसाला हा आजार जवळजवळ कधीच जात नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, काही नको. नानांना आधीच खूप एकटं वाटत असेल, मुलांना त्यांच्याजवळ बसू द्या. फक्त जखमेतून पस येत असेल तर ड्रेसिंग हातमोजे घालून करा.

शेताचं म्हणाल तर माती तपासून, ब्लीचिंग पावडर टाकून काही होत नाही. जमीन विकायचा विचार तर सोडाच. पावसाळ्यात नानांनी साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही. उतरायचंच तर गमबूट. आमच्या काळ्या मातीत गमबुटाचं काय होतं ते मला माहीत आहे: पाय वर येतो, बूट खालीच राहतो. तरी घाला, घोट्याला पट्टा असलेला मिळतो. टाचांच्या भेगांना रोज तेल किंवा मलम, उघड्या जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी, आणि वादळी पावसात शेडमध्ये थांबायचं. विहिरीचं पाणी उकळून प्यायचं. वर्षानुवर्षं शरीरात झोपून मग जागा होणारा जंतू, अशीही याची ख्याती आहे. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असलेल्या एका अमेरिकी सैनिकाला तो बासष्ट वर्षांनी बाधला. पण असे रुग्ण मोजकेच. बहुतेकांना मातीशी संबंध आल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप येतो. घरातल्या इतरांची रक्तातली अँटिबॉडी तपासत बसू नका. जिथे हा जंतू मातीत असतो तिथे त्या चाचणीतून आजार आहे की नाही ते कळत नाही.

राहिली एकेटी. टीबीचा जंतू कुठल्याही तपासणीत सापडलेला नसेल तर ती कशासाठी चालू आहे, हे डॉक्टरांना सरळ विचारा. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, पण ते सिद्ध व्हायला हवं. एकेटीतलं रिफाम्पिसिन सेप्ट्रानचं रक्तातलं प्रमाण उतरवतं, म्हणजे ‘असू दे, चालू ठेवू’ हा निरुपद्रवी निर्णय नाही. आणि एकेटी थांबली तर टीबी केंद्रात जाऊन निदान बदलल्याचं कळवा, कल्चर रिपोर्टची झेरॉक्स द्या. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नानांचं नाव चढलेलं असेल, नाहीतर गोळ्या का घेत नाही म्हणून महिनोन्महिने फोन येत राहतील.